तसबिरीतला शिपाई कोणाचा?

आपल्या घराघरांत आज एक प्रकार चालू आहे व त्याविषयी स्पष्ट लिहिणे आम्हास भाग आहे. घरात एक जुनी तसबीर असते. तीत पागोटे बांधलेले दोन वृद्ध खुर्चीवर बसलेले, लुगडे नेसलेल्या दोन बाया मागे उभ्या, पायाशी मुले, आणि एका कडेला ताठ मानेने उभा असलेला गणवेशातील तरुण. हा कोण, असे विचारले की घरातील कर्ता पुरुष क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, "असेल कोणी आमच्यातलाच. मिलिटरीत होता म्हणतात." वाक्य येथेच संपते, आणि घरातील एकालाही त्यात काही उणे वाटत नाही!

धम्मदीक्षेनंतर घरातील देवदेवतांच्या तसबिरी उतरल्या, हे योग्यच झाले. पण त्या झपाट्यात पूर्वजांच्या तसबिरीही माळ्यावर गेल्या. काही उत्साही बंधू तर असे प्रतिपादन करतात की, महारकीच्या काळातील त्या आठवणी, त्या नकोत. आमचा जन्म १४ ऑक्टोबर १९५६ ला झाला. या बंधूंचा निश्चय आम्ही जाणतो, पण त्यांचा युक्तिवाद आम्हास मान्य नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या वडिलांचे नाव टाकले होते काय? सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे फौजेतील शाळेचे शिक्षक होते, महूच्या छावणीत १८९१ साली बाबासाहेबांचा जन्म झाला, हे आपण प्रत्येक जयंतीला अभिमानाने सांगतो. मग आपल्याच घरातील शिपायाने काय गुन्हा केला? गुलामीची खूण टाकावी हे खरे. फौजेचा गणवेश ही गुलामीची खूण होती की गुलामीच्या भिंतीला पडलेले भगदाड होते, एवढे तरी आधी तपासावे.

दुसऱ्या टोकाला दुसरा वर्ग आहे, आणि त्याचा उपद्रव अलीकडे अधिक वाढला आहे. हातात मोबाईल आला, आणि गणवेशातील कोणत्याही काळ्यासावळ्या माणसाच्या चित्राखाली "कोरेगावचा महापराक्रमी वीर" असे लिहून ते शेकडो लोकांस पाठविले जाऊ लागले. कोरेगावची लढाई १ जानेवारी १८१८ ला झाली. छायाचित्र काढण्याची विद्या जगापुढे आली ती १८३९ साली. म्हणजे कोरेगावी लढलेल्या शिपायाचे त्या लढाईच्या काळातील छायाचित्र असणे अशक्य आहे. शिवाय त्या स्तंभावर 'नाक' या प्रत्ययाने संपणारी जी बावीस नावे आहेत, ती कंपनीच्या मुंबई फौजेतील माणसांची. त्या फौजेत आपले लोक प्रामुख्याने कोकणातून व देशावरून जात. नागपूर तेव्हा भोसल्यांचे राज्य होते. बुटीबोरीच्या घरातील तसबिरीला कोरेगावचे लेबल चिकटविणारा मनुष्य कोरेगावच्या त्या बावीस जणांचा गौरव करीत नाही, आणि स्वतःच्या आजाच्या भावाचाही करीत नाही. एकाचे नाव पुसून दुसऱ्याच्या नावावर त्याला खपविणे, हाच धंदा आजवर इतरांनी आपल्याशी केला. तो आता आपणच आपल्या घरात करायचा काय?

बुटीबोरीचे नाव आम्ही हेतुपुरस्सर घेतले. नागपूरहून दक्षिणेस वर्ध्याकडे निघालेल्या लोहमार्गावरचे हे गाव आज कारखान्यांमुळे सर्वांस ठाऊक आहे. मूळ गाव बोरी. नागपूरच्या बुटी घराण्याची तेथे मालगुजारी, म्हणून ते बुटीबोरी झाले. मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपली. गावाच्या नावात मात्र मालगुजाराचे नाव अद्याप नांदत आहे, आगगाडीच्या स्थानकाच्या पाटीवर नांदत आहे. त्याच गावच्या एका घरातील शिपायाचे नाव त्याच्या स्वतःच्या छायाचित्राच्या पाठीवरसुद्धा नाही. ज्यांना नावाची किंमत कळत नाही असे वाटते, त्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

आता तसबिरीकडे वळू. बुटीबोरीच्या एका बौद्ध कुटुंबात आम्ही जी पाहिली, ती वर वर्णन केल्याप्रमाणेच आहे. घरातील तरुण म्हणाले, हा आमच्या आजोबांचा थोरला भाऊ, पहिल्या महायुद्धात होता. आधार काय? आधार एवढाच की, वडील तसे म्हणत. आम्ही तसबीर खिडकीच्या उजेडात तिरपी धरली व भिंगातून पाहिली. टोपीवरील बिल्ला पुसट असला तरी त्यावरील आकृती ओळखू येत होती. एक उभा स्तंभ, आणि स्तंभाच्या दोन्ही अंगांना बंदुका नाहीत. बाहीवर दोन फिती.

एवढ्याने केवढा उलगडा होतो पाहा. पहिल्या महायुद्धात आपल्या लोकांची १११ वी महार पलटण उभी राहिली ती १९१७ साली, आणि १९२१ साली ती मोडून टाकण्यात आली. कोरेगावच्या स्तंभाचा बिल्ला त्या पलटणीचा नव्हे. तो दुसऱ्या महायुद्धात उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा. १९४१ साली बाबासाहेबांची संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाली. आपल्या लोकांस फौजेची दारे पुन्हा उघडावीत असा आग्रह त्यांनी धरला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण उभी राहिली ती आपल्या कामठीला! बुटीबोरीचा तरुण नागपूर ओलांडून कामठीस गेला आणि भरती झाला, यात नवल ते काय? पुढे ही दुसरी पलटण ब्रह्मदेशाच्या मोहिमेत होती व युद्ध संपल्यावर इराकात होती. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, तेव्हा बिल्ल्यावर स्तंभासह दोन छेदणाऱ्या मशीनगना आल्या. नंतर स्तंभ गेला व त्याजागी कट्यार आली. म्हणजे ज्याच्या टोपीवर नुसता स्तंभ आहे, त्याचे छायाचित्र १९४१ ते १९४६ या पाच वर्षांच्या आसपासचे. दोन फिती म्हणजे नायक. तीन असत्या तर हवालदार. घरच्यांनी सांगितलेले पहिले महायुद्ध एका बिल्ल्याने बाद झाले.

मग प्रश्न उरला तो माणसाचा. आजोबांचा थोरला भाऊ १९४१ साली भरतीच्या वयाचा राहिलाच नव्हता, हे घरच्याच हिशेबावरून दिसत होते. पुरुषमंडळींत चर्चा सुरू झाली. चुलता असेल, चुलतचुलता असेल, अशी वडिलांकडच्या नात्यांची सगळी उजळणी झाली. दाराशी बसलेली घरातील वृद्ध आजी हे सगळे ऐकत होती. तिला आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "तो माह्या मायचा भाऊ व्हय. तसबीर माह्या पेटीत आली होती लग्नात. मले कोनं इचारलंच नाही."

साठ-सत्तर वर्षे ती तसबीर त्या भिंतीवर होती आणि साठ-सत्तर वर्षे उत्तर त्याच घरात पोळ्या लाटीत होते! आमच्या पुरुषांचा हा हट्ट कोठून आला? घरातील प्रत्येक पराक्रमी माणूस बापाच्याच बाजूचा असला पाहिजे, स्त्री माहेरहून भांडी आणील पण पूर्वज आणणार नाही, ही समजूत मनूच्या घरची आहे. ग्रंथ जाळला १९२७ साली. समजूत मात्र आपल्या पाटावर जेवायला बसते. ज्या घरात स्त्रीची साक्ष घेतली जात नाही, त्या घराने कोणत्याही तसबिरीविषयी काहीही ठामपणे सांगू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आजीला मामाचे नाव काय आठवले? "फौजीमामा." घरात सगळे तसेच म्हणत. पण त्याच्या बापाचे नाव तिला ठाऊक होते, गाव ठाऊक होते, आणि तो युद्धाहून परत आला व पुढे खाटेवरच वारला, हेही ठाऊक होते. सरकारी कागद शोधणाऱ्यास नेमके हेच हवे असते. फौजेच्या दप्तरात आपल्या माणसांची नोंद आजच्या आडनावाने क्वचितच सापडते. आडनावे अनेक घरांनी पुढे घेतली, काहींनी बदलली; कारकुनाने इंग्रजीत जसे ऐकले तसे लिहिले. म्हणून शोध घ्यावा तो स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव, तहसील व जिल्हा या क्रमाने. त्यातही सावध राहावे. बोरी नावाची गावे विदर्भात कितीतरी आहेत. तहसील न लिहिता नुसते बोरी लिहिले तर पत्र भलत्याच बोरीच्या भलत्याच माणसापाशी जाऊन थांबेल. महार रेजिमेंटचे केंद्र व अभिलेख कार्यालय आज मध्य प्रदेशात सागर येथे आहे. पत्र तिकडे जावे. नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी, विशेषतः घरात कोणी निवृत्तिवेतन घेत असल्यास.

पण कोणी असे समजू नये की खाकी कपडा दिसला की तो फौजीच. येथे आपले लोक सर्वांत अधिक घसरतात. गावचा कोतवाल पितळी चपरास लावलेला पट्टा घालीत असे. रेल्वेतला, जंगल खात्यातला, पोलिसातला, टपालातला मनुष्य गणवेशात असे. आणि नागपूरकरांनी तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपूरला अखिल भारतीय अस्पृश्य परिषद भरली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला, महिलांची परिषद झाली, आणि समता सैनिक दलाचीही परिषद झाली. दलाचे गणवेशातील तरुण त्या दिवसांत रस्त्यारस्त्यांवर होते. म्हणजे त्याच एका वर्षी कामठीला सरकारी पलटण होती आणि नागपुरात आपले स्वतःचे दल होते. दोन्हीकडे तरुण आपलेच. छायाचित्राच्या दुकानात दोघेही गेले असतील. ज्याच्या टोपीवर वा खांद्यावर पलटणीची खूण नाही, ज्याच्या छातीवर पदक नाही, तो दलाचा सैनिक असण्याचा संभव आधी तपासा. त्याचे नाव सागरच्या दप्तरात मिळणार नाही, कारण त्याला पगार नव्हता, पेन्शन नव्हते. त्याची पलटण सरकारने नव्हे, आपण उभारली होती. "सरकारी कागद नाही म्हणून हा शिपाईच नव्हे," असे एखाद्या शहाण्याने म्हटले तर त्याला हे ऐकवावे.

आणि समजा तो कोतवालच निघाला, किंवा फौजेतला खेचरवाला, पाणीवाला, रस्ता बांधणारा मजूर निघाला, तर? तर काही घरे तसबीर उलटी करून ठेवतील, हे आम्हास ठाऊक आहे. या लाजेचा उगम पाहा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने युद्धपदक वाटले. लढणाऱ्यास ते चांदीचे. मजूर तुकड्यांतील हिंदी, चिनी, माल्टी माणसांस तेच पदक कांस्याचे. त्याच चिखलातून, त्याच तोफांखालून ही माणसे गेली होती. चांदी व कांस्य असा भेद गोऱ्या सरकारने केला, आणि आज तोच भेद आपण आपल्या भिंतीवर चालवायचा? आपल्या घरी असे पदक असेल तर त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व तुकडी कोरलेली असते. कांस्याचे पदक ज्या घरात जपले गेले, त्या घरात नाव उरले. चांदीची कितीतरी पदके सोनाराच्या मुशीत गेली व नावे त्यांच्याबरोबर वितळली. भुकेपायी ती विकली गेली, त्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाही. आता जी उरली आहेत ती विकू नका, एवढेच आमचे मागणे आहे.

आमचे स्पृश्यवर्गीय टीकाकार येथे मध्येच म्हणतील: अहो, हे तर इंग्रजांचे चाकर! त्यांची नावे शोधून काय करायचे? हा आक्षेप आम्ही पन्नास वेळा ऐकला आहे. मराठ्यांच्या पलटणी, राजपुतांच्या पलटणी, शिखांच्या पलटणी याच इंग्रजांच्या पगारावर होत्या. त्यांच्या स्मारकांपुढे हे टीकाकार टोपी काढून उभे राहतात. चाकरी केवळ आमच्याच आजोबांची झोंबते, याचे कारण चाकरीत नाही, आजोबांच्या जातीत आहे. शिवाय इंग्रजांनी तरी आम्हास कोठे जवळ केले? १८९२ च्या सुमारास लढाऊ जाती व बिगरलढाऊ जाती असे थोतांड उभे करून त्यांनी महारांची भरतीच बंद केली. ज्यांच्या बापांनी त्यांच्यासाठी रक्त सांडले, त्यांना एका हुकुमाने दारातून हाकलले. गोपाळबाबा वलंगकर या निवृत्त शिपायाने १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा केला. पहिले महायुद्ध पेटले व माणसे कमी पडली तेव्हा कोठे १९१७ साली दार किलकिले झाले, आणि युद्ध संपताच पुन्हा बंद! आमच्या शिपायाचा गणवेश हा इंग्रजांच्या कृपेचा नाही. तो अर्ज करकरून, भांडून मिळविलेला आहे.

नावे न लिहिण्याची ही रीत केवळ आपल्याच वाट्याला आली असेही नाही. बसऱ्याला पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचे मोठे स्मारक आहे. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने स्वतःच चौकशी करून कबूल केले की, आशिया व आफ्रिकेतील निदान १ लाख १६ हजार मृतांचे नावाने वा मुळीच स्मरण केले गेले नाही, आणि हा आकडा साडेतीन लाखांपर्यंतही असू शकेल. त्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेली पंजाबातील शिपायांची रजिस्टरे लोकांस खुली होऊ लागली. सुमारे ३ लाख २० हजार माणसांच्या गाववार नोंदी. साता समुद्रापलीकडे राहणाऱ्या पंजाबी घरांनी आपला पणजोबा त्यात शोधून काढला. तशी गाववार यादी आपल्या नागपूर-वर्ध्याकडच्या घरांच्या हाती कोणी ठेवलेली नाही. म्हणून आपल्याकडे तसबीर हाच कागद आहे, आणि वृद्ध बाईची आठवण हीच नोंदवही आहे.

याच कारणाने आम्ही निक्षून सांगतो की, तसबिरीवर कारागिरी करू नका. जुने चित्र यंत्राकडून रंगीत व स्वच्छ करून घेण्याचा नाद तरुणांस लागला आहे. यंत्र पुसट बिल्ला वाचीत नाही. ते स्वतःच्या मनाने नवा बिल्ला काढते. स्तंभाचा मोर झालेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे! चित्र काचेला चिकटले असेल तर ओढू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. चौकटीतून सुटत असेल तर पाठ अवश्य पाहा. दुकानाचा शिक्का, पोस्टकार्डाच्या रेघा, पेन्सिलीची दोन अक्षरे तेथेच सापडतात. एक बारकावा आणखी. पदके डाव्या छातीवर असतात. ती उजवीकडे दिसली तर कोटाची बटणे पाहा. बटणपट्टीही उलटी असेल तर चित्र उलटे छापले गेले आहे. ती सुलटी असेल तर तो मनुष्य मेलेल्या बापाची वा भावाची पदके लावून उभा आहे, असा संभव धरावा, आणि मग शोधायचे नाव दुसरेच ठरते.

ओळख पटली की चित्राच्या पाठीवर शाईने नव्हे, मऊ पेन्सिलीने लिहावे: नाव, नाते, हे कोणी सांगितले, कोणत्या तारखेला सांगितले. सांगणाऱ्याचे नाव गाळू नये. बुटीबोरीच्या त्या तसबिरीमागे सध्या एवढे लिहिले आहे की, हा नायक, महार रेजिमेंट, १९४१ ते १९४६ च्या सुमाराचा, घरच्या आजीच्या आईचा भाऊ; आणि साक्ष म्हणून आजीचे पूर्ण नाव. शिपायाच्या स्वतःच्या नावाची जागा कोरी ठेवली आहे. घरातील एका मुलाने तेथे एक भारदस्त नाव सुचविले होते. आजीने ते लिहू दिले नाही.

येत्या अशोक विजयादशमीला व १४ ऑक्टोबरला आपण सहकुटुंब दीक्षाभूमीवर येणारच आहात. विदर्भाच्या कानाकोपऱ्यातील वृद्ध स्त्रिया त्या दिवसांत नागपुरात एकत्र येतात. त्यांचे माहेर कोठे, आजोळ कोठे, हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणासही नीट सांगता येत नाही. तसबिरीची एक चांगली प्रत काढून बरोबर आणा, मूळ तसबीर घरीच असू द्या, आणि ती प्रत पुरुषांच्या बैठकीत फिरविण्याआधी या आयाबायांच्या हाती द्या.